कपाटातला कागदी शंख

मलकापूर
१४ ऑक्टोबर २०२४

सिंधूमावशी, पाया पडतो.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. आईनं सांगितलंच असेल, मी मलकापुरात पंजाबरावकाकांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागलोय. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी येतात. त्यांची काळी पडलेली तार उपटून काढायची आणि नवी तांब्याची भरायची, असं काम. पहिल्या आठवड्यात बोटं सोलली, आता सरावली. काका म्हणतात, "डोकं गरम हाय तुयं, पन हात बरा हाय."

तुझ्या शब्दावर तुमच्या लॅबच्या सरांनी मला बी.एस्सी.ला उशिरा घेतलं होतं. प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं बरण्या पुसणाऱ्या बाईचा भाचा म्हणून. आणि मी दुसऱ्या वर्षाच्या मध्येच तुला एका शब्दानं न सांगता निघून आलो. लोक विचारतात तेव्हा सांगतो, मन लागत नव्हतं. तुलाही तेच सांगतो.

सर बरे आहेत का? नव्या पोरांना बरण्यांतल्या प्राण्यांची नावं येतात का? काचेचं कपाट नीट आहे ना? आणि आमच्या वर्गातली ती आपल्या देऊळघाटची समीक्षा, रंगरावांची, रोज कॉलेजात येते का? सहज विचारतोय. गावातली आहे म्हणून.

राग मानू नको.

तुझा हरिओम


बुलडाणा
२२ ऑक्टोबर २०२४

हरी,

पत्र पोचलं. अक्षर तुझं अजून कोंबडीच्या पायाचंच आहे. माझं बघ, सत्तावीस वर्षं बरण्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या आहेत.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. सर बरे आहेत. नव्या पोरांना नावं येत नाहीत. समीक्षा रोज येते. कपाट नीट आहे, त्यातला कागदी शंख नाही.

गणपती बसायच्या आदल्या दिवसापासून नाही. तू लवकर गेलास, म्हणून तुला ठाऊक नसेल. शंख पातळ, पांढरा, पापडासारखा, हातात घेतला तर बोटं आरपार दिसायची. सरांच्या सरांनी समुद्रावरून आणलेला. त्याच्या आत राहणारी ती आठ हातांची, ऑक्टोपसच्या जातीची मादी. तिच्या दोन हातांना शेवटी पंख्यासारखे पडदे असतात, त्या पडद्यांतून ती हा शंख स्वतः तयार करते आणि त्यात अंडी घालते. शेजारच्या खणातला जाड नॉटिलस वेगळा. तो आपल्या शंखात आतून पक्का जोडलेला, वाढेल तशी पुढं नवी खोली बांधतो. ही जोडलेली नसते. नुसती आपल्या हातांनी घर धरून राहते.

तर तो शंख गेला. प्राचार्यांना मी सांगितलं, पुसताना माझ्या हातून फुटला. ते म्हणाले, "बरं बाई, तुकडे दाखवा." मी म्हटलं, फेकले. ते कोणाला पटलं नाही. कपाटाची किल्ली माझ्या एकटीकडं. आता कॉलेजात असं बोलतात, की बाईनं निवृत्तीच्या आधी शंख घरी नेला. घरच्या शोकेसमध्ये ठेवला म्हणे. माझ्या घरी शोकेस नाही, पण ते बघायला कोण येतं?

चौकशी व्हायची ती झाली. मला लॅबमधून काढून सायकल स्टँडच्या टपरीत बसवलंय. एकतीस जानेवारीला मी निवृत्त होते. तोवर सायकलींवर नजर ठेवायची.

एक सांगू? कॉलेज सोडून गेलेली पोरं मास्तरांची विचारपूस करतात, मैत्रिणींची करतात. कपाटाची कोणी करत नाही.

सिंधूमावशी


मलकापूर
४ नोव्हेंबर २०२४

मावशी, पाया पडतो.

तुझं पत्र वाचून डोक्यात जाळ झाला. कोण म्हणतं तुला चोर? नावं लिहून पाठव. दिवाळीची दोन दिवस सुट्टी अजून बाकी आहे, येतो आणि एकेकाच्या कानाखाली वाजवतो. सत्तावीस वर्षं ज्या बाईनं त्यांचे साप आणि विंचू सांभाळले तिला सायकल स्टँडवर बसवतात म्हणजे काय? काकांना सांगितलं तर म्हणाले, "तू काऊन इतका तापून राह्यला बे, तुयी नोकरी गेली का?"

मला वाटतं तुझ्या हातून फुटलाच नसेल. तू कोणाला तरी पाठीशी घालतेस. पोरांपैकीच कोणीतरी नेला असेल. आमच्या वर्गातला तो प्रेम त्या कपाटाशी फार घुटमळायचा, मोबाईलवर फोटो काढायचा. त्याला विचारलं का कोणी? मी कोणावर आळ घेत नाही, नुसतं सुचवतो.

समीक्षा या सगळ्यावर काही बोलली का? ती कोणाचं नाव वगैरे घेते का? तिचा स्वभाव स्पष्ट आहे म्हणून विचारलं.

दुकानात काम खूप आहे. परवा एक साडेसात एचपीची मोटार मी एकट्यानं भरली. चालू केली तर आवाजसुद्धा नाही, मांजर झोपल्यासारखी.

तुझा हरिओम


बुलडाणा
१६ नोव्हेंबर २०२४

हरी,

प्रेम त्या आठवड्यात डेंग्यूनं घरी पडला होता. प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून वर्गातली पोरं त्याच्यासाठी धावत होती, तूही गेला होतास.

सायकल स्टँडवर बसून मला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. पोरी येतात, सायकल लावतात, म्हणतात, "मावशी, लक्ष ठेवजा." कोणी सहज म्हणतं, कोणी हसून. मी लक्ष ठेवते.

परवा मनात आलं, त्या कागदी शंखवालीवरही असाच आळ होता. जुने जुने विद्वान हजार-दोन हजार वर्षं म्हणत आले, की हिनं हा शंख दुसऱ्या कोणाचा तरी मारलाय आणि आत जाऊन बसलीय. का, तर ती त्याला चिकटलेली नाही. जे अंगाला चिकटलेलं नाही ते स्वतःचं नाही, असा त्यांचा हिशेब. सर सांगायचे, पुढं एका बाईनं समुद्रात पिंजरे टाकून त्यात या माद्या पाळल्या. त्यांच्या शंखाचे कपचे मुद्दाम फोडले आणि बघत बसली. त्या माद्यांनी आपल्या हातांच्या पडद्यांनी ती भोकं बुजवली. तेव्हा कुठं जगाला पटलं.

तरीपण आपल्या कॉलेजात अजून पटलेलं नाही. तुम्ही पोरं सीनियरच्या जर्नलवरून आपली जर्नलं उतरवता. दहाबारा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलं, 'शंख दुसऱ्या प्राण्याचा, मादी त्यात राहते.' दरवर्षी सर लाल पेननं खोडतात आणि दरवर्षी अर्धा वर्ग पुन्हा तेच उतरवून आणतो. तुझ्या जर्नलमध्येही होतं. मी पाहिलंय, ते अजून लॅबमध्ये पडून आहे.

समीक्षा कोणाचं नाव घेत नाही.

पुढच्या पत्रात मोटारी नकोत.

सिंधूमावशी


मलकापूर
२८ डिसेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र दीड महिना खिशात ठेवून हिंडतोय. घडी फाटली. पाया पडतो असं आज लिहवत नाही.

शंख मी नेला. मी फोडला.

पाच सप्टेंबरला प्रॅक्टिकल होतं. तू कपाट उघडून एकेक नमुना टेबलावर मांडत होतीस. समीक्षा सरांना म्हणाली, "सर, हा एकदा हातात घेऊ?" सर म्हणाले, लांबूनच. मी मागच्या टेबलावर होतो. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पाहिलं आणि माझं डोकं तिथंच फिरलं. वर्षभर मी तिच्याशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. मला वाटलं, माझ्याकडून हेच होईल.

दुसऱ्या दिवशी तारामासा परत ठेवायला तू मला किल्ली दिलीस. "हरी, कुलूप नीट बघजो," म्हणालीस. मी तारामासा ठेवला, शंख काढला, रुमालात गुंडाळून डब्यात घातला आणि कुलूप नीट बघितलं.

ती देऊळघाटच्या एस.टी.ची वाट बघत थांब्यावर एकटीच उभी होती. मी डबा उघडून पुढं केला. तिला वाटलं खायला काहीतरी आहे, म्हणाली, "नको, उपास हाय." मग रुमाल बाजूला केला तशी ती मागं सरकली.

"हा कपाटातला हाय ना?"

"तुयासाठी आनला."

"मी मांगतला होता का तुले?"

"काल म्हनत होती ना, हातात घेऊ म्हनून."

"मी सरांले म्हनलं होतं. तुले नाई. जाय, आत्ताच्या आत्ता ठेवून ये. मावशीच्या अंगावर येईन ते."

मावशी, तिनं एवढंच म्हटलं. ओरडली नाही, हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मी इतक्या जिवावर उदार होऊन आणलेलं, आणि तिला तुझी काळजी पडलेली. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी शंख हातात घेतला आणि मूठ आवळली. जोरसुद्धा लावावा लागला नाही. भाजलेला पापड मोडावा तसा बारीक आवाज आला आणि मुठीत काही उरलंच नाही, नुसता भुगा आणि चार कपच्या.

ती माझ्या मुठीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतो का मी सांगू?" एस.टी. आली, ती चढली.

दुसऱ्या दिवशी घरात गणपती बसत होते आणि मी मलकापूरच्या गाडीत बसलो. राजूर घाटात खिडकीतून रुमाल झटकला. म्हणजे ते तुकडे दाखव म्हणतात, ते दाखवायलाही मी काही ठेवलं नाही. आणि वर प्रेमचं नाव घेतलं. ते लिहिताना मला माहीत होतं तो तापानं पडला होता. मी त्याच्यासाठी पपईची पानं घेऊन गेलो होतो.

हे सगळं मान्य. पण एक गोष्ट सांगतो, हसू नको. तिनं 'मी सांगू का' म्हटलं होतं आणि जवळजवळ चार महिने झाले तरी तिनं सांगितलं नाही. कोणाचं नाव घेत नाही, असं तूच लिहिलंस. म्हणजे तिच्या मनात माझ्याविषयी काही नसतं तर ती इतकी गप्प राहिली असती का? मी दुकानात तार गुंडाळताना दिवसभर हेच मोजत असतो.

हरिओम


बुलडाणा
५ जानेवारी २०२५

हरी,

तू लिहिलंस ते बरं केलंस. आता माझं ऐक.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. समीक्षा त्या दिवशी चढली ती एस.टी. तिनं पुढच्याच थांब्यावर सोडली आणि पायी माझ्या खोलीवर आली. घामाघूम. पाणीसुद्धा प्यायली नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मावशी, उद्याच्या उद्या सरांले सांगते." मीच तिला थांबवलं. म्हटलं, पोट्टा आपल्या पायानं येईल, दोन दिवस थांब. दोनाचे चार झाले, तोवर तपासणी आली आणि मी म्हणून बसले, माझ्या हातून फुटला. खोटं बोलायची सवय नाही रे मला. तुकड्यांचा विचारच केला नाही. फुटला म्हणायला गेले आणि चोर झाले.

तेव्हा ती गप्प आहे ती माझ्यामुळं. मी तिच्याकडून शब्द घेतला होता. दर आठवड्याला स्टँडवर येऊन विचारते, "मावशी, अजून किती दिवस?" तू कसा आहेस, कुठं आहेस, हे तिनं एकदाही विचारलं नाही. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू मोजत बसला होतास, म्हणून खरा आकडा दिला.

आणि तू त्या प्राण्याचा अभ्यास अर्धाच केलास. मादी हाताएवढी, नर नखाएवढा. त्याला शंख नसतो, त्याला तो करताही येत नाही. आपला एक हात तोडून तिच्यापाशी टाकतो आणि त्याचा कारभार आटोपतो. शास्त्रज्ञांना तो हात पहिल्यांदा सापडला तेव्हा त्यांना वाटलं, बाईला जंत झालाय.

एकतीस तारखेला दुपारी हॉलमध्ये कार्यक्रम आहे. ऑफिसातले भगवानराव आणि मी, दोघं निवृत्त. यायचं तर ये. मी बोलावते असं समजू नको. पण आलास आणि बोललास तर तिचं नाव घ्यायचं नाही. तिचं नाव घेतलंस की तुझी चोरी राहील बाजूला, लोकांना गोष्ट मिळेल आणि ती पोरगी तिच्यात अडकेल. नेला, फोडला, एवढंच. का नेला ते पोटात ठेवायचं. जमेल का ते बघ.

सिंधूमावशी


मलकापूर
२ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तू पाहिलंसच. तरी लिहितो, कारण मी काय केलं ते मला स्वतःला नीट दिसलं नाही.

मी आलो तेव्हा भगवानराव स्टेजवर, गळ्यात हार. तू शेवटच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत. तुझं नाव कार्यक्रमपत्रिकेत खाली बारीक अक्षरात. मला वाटलं होतं तुलाही वर बसवलं असेल आणि मी सगळ्यांसमोर तुझं नाव साफ करीन. मनात भाषणसुद्धा तयार होतं.

मी उभा राहून म्हणालो, "कपाटातला शंख मी नेला होता. माझ्या हातानं फुटला. मावशीचा त्यात काही संबंध नाही."

प्राचार्य म्हणाले, "काऊन नेला?"

मावशी, तोंडापर्यंत आलं होतं. ती तिसऱ्या रांगेत होती, तिची वेणी मला दिसत होती. मी म्हणालो, "असाच."

"तुकडे?"

"फेकले."

"तू बाईंचा कोण?"

"भाचा."

हॉलात जो हशा झाला तो माझ्या कानांत अजून आहे. प्राचार्य माईकमध्ये म्हणाले, "बाई, जाता जाता भाचा उभा केला का?" तू खाली मान घातलीस. तिथं मी थांबायला पाहिजे होतं. पण माझा पाय पुढच्या खुर्चीला बसला, खुर्ची भगवानरावांच्या सुनेच्या अंगावर गेली, आणि मी प्राचार्यांना जे बोललो ते तुझ्यासमोर पुन्हा लिहायची लाज वाटते. दोघांनी दंड धरून मला बाहेर काढलं. फाटकाबाहेर वॉचमन म्हणाला, "बाईची उरलीसुरली घालवली का बे?"

मी थेट गाडीत बसून मलकापूरला आलो. मागं काय झालं मला माहीत नाही. तिचं नाव मी घेतलं नाही, एवढंच एक केलं. पण तुला होतं त्यापेक्षा जास्त चोर करून आलो. तू मला आता पत्र नाही लिहिलंस तरी चालेल.

हरिओम


लोणार
११ फेब्रुवारी २०२५

हरी,

मी लोणारला भावाकडं आले आहे. सामान लावण्यात आठवडा गेला. मागं काय झालं ते आता सांगते.

तुला बाहेर काढलं आणि हॉल शांत झाला. प्राचार्य पुढचं नाव घेणार तेवढ्यात समीक्षा उभी राहिली. माझ्याकडं वळून म्हणाली, "मावशी, तुमाले दिलेला शब्द मोडून राह्यली, माफ करा." मग स्टेजकडं तोंड करून, अगदी व्हायवा देतात तशी, म्हणाली, "सर, तो खरं बोलला. मी पाहिलं. शंख त्यानं मले द्याले आनला होता. मी ठेवून ये म्हनलं तर त्यानं मुठीत फोडला. सहा सप्टेंबर, साडेचारची एस.टी." खाली बसली.

कोणी हसलं नाही. सर उठून शेवटच्या रांगेपर्यंत आले आणि मला हाताला धरून वर घेऊन गेले. भगवानरावांनी आपलं श्रीफळ माझ्या हातात ठेवलं. हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला स्टँडवर पाठवायचं पत्र मीच टाईप केलं होतं. तेव्हाच विचारायला पायजे होतं." प्राचार्यांनी ते पत्र रद्द केल्याचा कागद दिला. तेव्हा माझं काम झालं. मी चोर नाही, हे कागदावर आहे.

पण त्याची किंमत तिला मोजावी लागतेय. 'मले द्याले आनला होता' हे शब्द तिच्याआधी देऊळघाटात पोचले. तीन तारखेपासून रंगरावांनी तिला घरी बसवलंय. मी लोणारला यायच्या आधी जाऊन आले. रंगराव मेथीच्या जुड्या बांधत होते, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, कोनता पोट्टा उगाच शंख घेऊन मांगं फिरत नाई. काईतरी असल्याशिवाय." मी पुष्कळ सांगितलं. तर म्हणाले, "तुमी तं तिच्या बाजूच्याच. तिनंच तुमाले सोडवलं." शेजारची सत्यभामाबाई कुंपणावरून मान घालून ऐकत होती. तिनं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

समीक्षा दारात उभी होती. परीक्षा एप्रिलमध्ये आहे. माझ्याकडं बघून तिनं एवढंच विचारलं, "मावशी, लॅबचं कपाट आता कोन पुसते?"

स्वतःसाठी तिनं तोंड उघडलं नव्हतं, माझ्यासाठी उघडलं होतं. आणि मी गप्प बसायला लावलं नसतं तर सप्टेंबरातच सरांच्या खोलीत चार माणसांत मिटलं असतं. तेव्हा लाज तुझी एकट्याची नाही.

आता काय करायचं ते मी सांगणार नाही. मागं सांगितलं होतं, तू अर्धं केलंस.

सिंधूमावशी


मलकापूर
१८ फेब्रुवारी २०२५

मावशी, पाया पडतो.

समीक्षा काल, सोमवारी, कॉलेजात गेली. आईनं फोनवर सांगितलं. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं तू सावकाश वाचशील.

रविवारी सकाळी देऊळघाटला गेलो. घरी न जाता आधी रंगरावांच्या अंगणात. ते आणि त्यांचा भाऊ पालक निवडत होते. मला बघून भाऊ उठला, त्याच्या हातात कोयता होता, पण पालकाचा. रंगराव म्हणाले, "बसू दे त्याले." मी बसलो नाही.

मी रात्रभर तयार केलेलं काही बोललो नाही. म्हणालो, "काका, तिनं हॉलात सांगितलं ते खरं आहे. त्यात माझी एक गोष्ट राहिली होती, ती सांगायला आलो."

"तोंडानं नको," ते म्हणाले. "तोंडानं तुमी पोट्टे काईबी बोलता. लिहून दे."

आतून त्यांनी समीक्षाची वही मागवली. समीक्षानंच आणून दिली. पेनही तिचाच. माझ्याकडं न बघता दोन्ही वस्तू ओट्यावर ठेवल्या आणि दाराच्या आत जाऊन उभी राहिली.

मी उकिडवा बसून लिहिलं. प्रेमपत्रं किती लिहून फाडली ते तुला सांगत नाही, पण त्या चार ओळींना जेवढा वेळ लागला तेवढा कशालाच लागला नव्हता. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, 'समीक्षाच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं असं मला वाटतं.' लिहून झाल्यावर ते शेवटचे शब्द दिसले. असं मला वाटतं. म्हणजे अजून एक फट ठेवली होती मी, स्वतःला आत जायला. ते खोडलं.

रंगरावांनी कागद घेतला, लांब धरला, परत माझ्या हातात दिला. "चष्मा नाई. वाच."

मी वाचलं. 'मी, हरिओम इंद्रभान, राहणार देऊळघाट, लिहून देतो की कॉलेजचा शंख मी चोरला. समीक्षानं तो मागितला नव्हता आणि घेतला नाही. मी एकतर्फी तिच्या मागं होतो. तिच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतं आणि नाही.' खाली सही.

रंगरावांचा हात पालकाच्या जुडीवर थांबला होता. "खरं हाय हे?"

"हो."

"शेवटचं?"

"तेच सगळ्यात खरं आहे, काका."

ते काही बोलणार तेवढ्यात समीक्षा दाराबाहेर आली. कुंपणाकडं बघितलं. सत्यभामाबाई तिथं होतीच, तारेवर वाळत घातलेलं लुगडं उगाच सारखं करत. समीक्षा पहिल्यांदा माझ्याशी बोलली, पाच महिन्यांनी. आवाज अगदी साधा होता, बरणीवरची चिठ्ठी वाचावी तसा.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "काकूले ऐकू नाई आलं."

मी उभा राहिलो, कुंपणाकडं तोंड केलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'आणि नाही' हे दोन शब्द जरा मोठ्यानं वाचले.

तुझा हरिओम